थोरलीच्या काचपट्ट्या

थोरलीला जाऊन दोन वर्षं झाली होती, पण धाकटीला अजून सगळे धाकटीच म्हणत. चाळिशी ओलांडली, कानाजवळचे केस पांढरे झाले, तरी नाव काही मोठं झालं नाही. घरात तिघीच उरल्या होत्या. आई, धाकटी आणि थोरलीची मुलगी चिंगी. चिंगी बारा वर्षांची होती. सातवीच्या पहिल्या दिवशी नव्या बाईंनी तिला खालच्या वर्गातली समजून परत पाठवलं होतं, इतकी ती बुटकी. तिचा बाप कामासाठी लांब गेला तो तिकडचाच झाला. वर्षातून एकदा फोन करून "अभ्यास कर" एवढं सांगायचा.

धाकटी कपडे धुण्याच्या कारखान्यात कामाला होती. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी तिथे येत. धुऊन पिळून झाल्या की ओल्या चादरी एका लांबलचक गरम रोलरमध्ये घालायच्या. हे काम दोघींचं. एकीने डावं टोक धरायचं, एकीने उजवं, ताण द्यायचा आणि एकाच क्षणी सोडायचं. एकीचा हात चुकला की चादर तिरकी जाते, गुंडाळते आणि करपते. धाकटी आणि तिची जोडीदारीण अकरा वर्षं एकाच रोलरवर होत्या. दोघी एकमेकींकडे न बघता, घरच्या गप्पा मारत, दिवसाला सहाशे चादरी काढायच्या.

पण थोरली गेली त्यानंतरच्या हिवाळ्यात धाकटीचं पोट बिघडलं ते बिघडलंच. आधी दिवसातून तीनदा, मग सहादा रोलर थांबवून धावायचं. खायची दोन माणसांचं, पण अंगाला काही लागायचं नाही. पोट नगाऱ्यासारखं आणि हातपाय काड्या. तोंड सतत आलेलं. जिना चढताना मध्येच बसावं लागे.

"थोरलीची हाय खाल्लीस तू," आई म्हणायची. शेजारीपाजारीही तेच म्हणत. थोरलीचंही असंच सहा वर्षं चाललं होतं आणि तिच्या बाबतीत सगळे म्हणत होते की नवरा निघून गेल्याची हाय खाल्ली. या घरात बायका दुसरं काही खातच नव्हत्या जणू.

धाकटीने डॉक्टरांचे उंबरठे झिजवले. पहिल्याने पित्ताच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्याने जंताचं औषध दिलं आणि नखं कापायला सांगितली. तिसरा भला माणूस होता, त्याने तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या बहिणीचं दुःख तुमच्या पोटात उतरलंय." हे वाक्य तिला इतकं पटलं की त्यावर तिने सहा महिने काढले. रोज संध्याकाळी रडून घ्यायची, दुःख बाहेर पडावं म्हणून. दुःख बाहेर पडलं की नाही कोण जाणे, वजन मात्र नऊ किलोंनी उतरलं.

मग दाढ किडली. दातांच्या डॉक्टरने ती काढली, टाके घातले आणि दहा दिवस मऊ भाताशिवाय काही चावायचं नाही असं बजावलं. सहाव्या दिवशी धाकटी सकाळी उठली आणि तिच्या लक्षात आलं की रात्रभर ती एकदाही उठली नव्हती. नवव्या दिवशी ती जिना न थांबता चढली. टाके सुटले, तिने आईच्या हातचा लोणी लावलेला पाव खाल्ला आणि दोन दिवसांत पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

एवढं कळायला डॉक्टर लागत नाही. तिने पाव सोडला, बिस्किटं सोडली, गव्हाचं जे जे होतं ते सोडलं. आईने नाक मुरडलं. "आता हे कसलं नवीन खूळ? पाव खाऊन कोणी आजारी पडतं का?" तीन महिन्यांत धाकटीच्या गालांवर रंग आला. तेव्हा ती चौथ्या डॉक्टरकडे गेली, सगळं सांगितलं आणि याची काही तपासणी असते का म्हणून विचारलं. त्याने खांदे उडवले आणि चिठ्ठी लिहून दिली.

प्रयोगशाळेत रक्त काढणारा माणूस पन्नाशीचा, कमी बोलणारा होता. दंडाला रबर बांधता बांधता त्याने विचारलं, "पाव खाताय ना अजून?"

"नाही. तीन महिने झाले सोडून."

त्याचा हात थांबला. "मग ही तपासणी कशाला करताय? खाणं बंद केलं की रक्तात काही दिसत नाही. डॉक्टरांनी विचारलं नाही तुम्हाला?"

"नाही."

त्याने दाराकडे एकदा पाहिलं. "मी सांगितलं म्हणू नका. या तपासणीच्या दहा चिठ्ठ्या आल्या तर नऊ एकाच डॉक्टरीणबाईंच्या असतात, इथले रोगी लांब त्यांच्याकडे जातात. त्या प्रत्येक चिठ्ठीखाली स्वतःच्या हाताने लिहितात, 'रोगी गहू खातो आहे ना, हे विचारून मगच रक्त घ्या.' दुसरं कोणी लिहीत नाही." मग त्याने सुई टोचली. जाताना कापसाबरोबर एक कागदाचा तुकडा तिच्या हातात दिला. त्यावर पत्ता होता, दुसऱ्या शहरातला.

रक्तात काही निघालं नाही. "बघा, ठणठणीत आहात," चौथा डॉक्टर म्हणाला. "आता सगळं खा." आईने तर सुटकेचा निःश्वासच टाकला.

धाकटीने तो कागद महिनाभर पिशवीत ठेवला. एके दिवशी चिंगी शाळेतून आली, दप्तर टाकून सरळ संडासात गेली आणि अर्ध्या तासाने बाहेर आली. भिंतीला धरून उभी राहिली. थोरली अशीच उभी राहायची. दुसऱ्या दिवशी धाकटीने सुट्टी टाकली आणि चार तासांची बस पकडली.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर दवाखाना होता. बाहेरच्या खोलीत दहा-बारा माणसं बसली होती आणि प्रत्येकाच्या मांडीवर आपापला डबा होता. कोणी कोणाला "घ्या ना थोडं" म्हणत नव्हतं. धाकटी दारातच थबकली. पोटाचं दुखणं चारचौघांत हसण्यावारी नेलेलंच तिने आजवर पाहिलं होतं. इथे कोणाला समजावून सांगावं लागणार नाही, हे तिला त्या डब्यांवरूनच कळलं.

डॉक्टरीणबाई साठीच्या होत्या, जाड भिंगाचा चष्मा, आवाज कोरडा. त्यांनी पोटाला हात लावायच्या आधी पाऊण तास नुसते प्रश्न विचारले. तोंड कधीपासून येतं? हाडं दुखतात का? पाव सोडला तो कोणत्या तारखेला? मग म्हणाल्या, "घरात आणखी कोणाला असं होतं?"

धाकटीने थोरलीबद्दल सांगितलं. सहा वर्षं जुलाब, सात डॉक्टर, मग आतड्यात गाठ, शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर दहा महिने.

"आतड्याचा तुकडा काढला होता ना? कुठल्या इस्पितळात?"

"तो कशाला आता?"

"तो मेणात घालून वर्षानुवर्षं ठेवतात. मी मागवते. तुमची सही लागेल." त्यांनी कागद पुढे केला. "त्या आजारपणात काय खायच्या त्या?"

"पाव. आई दुधात कुस्करून भरवायची. दुसरं काही पोटात ठरायचं नाही."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून धाकटीला वाटलं, आपण चुकीच्या ठिकाणी आलो. "मला सिलिअ‍ॅकचा संशय आहे. या आजारात गहू आतड्यालाच खातो. पण तो सिद्ध करायचा तर तुम्हाला पुन्हा पाव खावा लागेल. रोज दोन स्लाइस, सहा आठवडे. मग पोटात दुर्बीण घालून तुकडा काढू. मी तुम्हाला मुद्दाम आजारी पाडतेय, हे मला कळतं. नको असेल तर न तपासताच गहू सोडा, माझी हरकत नाही. पण भाचीला मात्र लगेच आणा. ती खातेच आहे, तिचं रक्त उद्याही तपासता येईल."

"आई येऊ देणार नाही तिला," धाकटी म्हणाली. "थोरलीला शेवटचं इस्पितळात नेलं ती परत आली नाही. आता पोरीला सुई दाखवली तरी आई दार अडवते. नुसतं माझ्या सांगण्याने नाही ऐकणार ती. मला कागद लागेल हातात."

"मग तुमचा कागद तयार करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सहा आठवडे."

पहिल्या दिवशी धाकटीने पाव मागितला तेव्हा आईच्या चेहऱ्यावर असा आनंद फुटला की तिला बघवेना. "आलीस एकदाची माणसांत! मी म्हणत नव्हते?" आईने स्लाइस भाजल्या, कडेपर्यंत लोणी लावलं आणि समोर बसून राहिली, शेवटचा घास संपेपर्यंत. रोज असंच. धाकटीने खरं कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आईने दोनाऐवजी चार घातल्या असत्या, नाहीतर एकही दिली नसती, आणि दोन्हीत घोटाळाच होता.

दुसऱ्या आठवड्यात पोट सुरू झालं. तिसऱ्यात तोंड आलं. चौथ्यात ती रोलरपाशी उभी असताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि हातातलं टोक सुटलं. चादर तिरकी गेली. ती सरळ करायला जोडीदारणीने पुढे हात घातला आणि तिची बोटं रोलरला लागली.

ती किंचाळली नाही. ओठ आवळून हात पाण्याखाली धरून उभी राहिली. दोन बोटांची कातडी पांढरी पडून सुटली होती.

"काय होतंय तरी काय तुला?" तिने विचारलं. "आधी बरी झाली होतीस की!"

धाकटीने सांगितलं. मुद्दाम पाव खातेय, आजारी पडायला, कागदासाठी.

जोडीदारणीने नळ बंद केला. "अगं, मग मला आधी सांगायचंस. मी दुसरीला उभी केली असती तुझ्या जागी. माझी बोटं काय फुकट आलीत?"

मुकादमाने धाकटीला रोलरवरून काढून मळक्या कपड्यांच्या निवडणीवर टाकलं, जिथे इस्पितळाच्या चादरी येतात त्या अवस्थेत उलगडून बघाव्या लागतात. जोडीदारीण तिच्याशी भांडली नाही. फक्त डबा खायला दुसरीकडे बसू लागली.

उरलेले दोन आठवडे धाकटीने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. आई म्हणायची, "चेहरा उतरलाय गं, अजून एक देऊ?"

दुर्बीण झाली, आणि दोन आठवड्यांनी ती निकालाला गेली. डॉक्टरीणबाईंनी दार लावून घेतलं.

"तुमचं नक्की झालं. शंका नाही. आजपासून गहू बंद, कायमचा." त्यांनी सही-शिक्क्याचा कागद तिच्यापुढे ठेवला. मग चष्मा काढून पुसला. "बहिणीच्या त्या तुकड्याच्या काचपट्ट्याही आल्यात. बघायच्या की नाही ते तुम्ही ठरवा. मी सांगितलं तरी चालेल."

"बघते."

टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकातून त्यांनी आधी निरोगी आतडं दाखवलं, कोणा अनोळखी माणसाचं. धाकटीला ते नव्या टॉवेलासारखं दिसलं, दाट, दोऱ्याचे उभे फासे असलेलं. मग दुसरी काच सरकवली. गाठीपासून लांबचा, इतरांनी चांगला समजून सोडून दिलेला भाग. तिथे फासे नव्हतेच. शेकडो वेळा धुऊन झिजलेल्या, पोतेऱ्यात काढायच्या टॉवेलासारखं सपाट. असे टॉवेल ती रोज बाजूला टाकायची. त्यांच्याने पाणी टिपलं जात नाही, नुसतं फिरतं.

"सगळ्यांनी गाठच बघितली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शेजारी कोणी बघितलं नाही."

"पाव बंद केला असता तर ती वाचली असती?"

"शेवटच्या वर्षी नाही. तेव्हा गाठ झालेली होती. पाव दिला काय आणि न दिला काय."

"आणि त्याआधी?"

डॉक्टरीणबाईंनी काच काढून डबीत ठेवली. "सुरुवातीला ओळखलं असतं तर बहुतेक गाठ झालीच नसती. खोटं सांगून तुम्हाला पाठवणार नाही. सात डॉक्टरांनी तिला पाहिलं म्हणालात ना? त्या सातांची ही चूक. आईला सांगाल तेव्हा हे आधी सांगा."

बसच्या चार तासांत धाकटीने ठरवलं की आईला हे सांगायचंच नाही. स्वतःचा कागद दाखवायचा, चिंगीला तपासायला न्यायचं, थोरलीचं नावही काढायचं नाही. काय बोलायचं ते शब्द न् शब्द जुळवलं.

घरी पोचली तेव्हा चिंगी नुकतीच शाळेतून आली होती. आई तिच्यासाठी पावाला लोणी लावत होती. धाकटीने कागद टेबलावर ठेवला आणि पाठ केलेलं बोलून टाकलं. हा आजार गव्हाने होतो, मला आहे, रक्तातून घरात उतरतो, म्हणून चिंगीला शुक्रवारी न्यायचंय.

"नाही," आई म्हणाली. "पोरीला काही झालेलं नाही. लहान चण आहे तिची."

"मावशी, मला येते पोटात कळ," चिंगी म्हणाली. "रोज येते. आजीला सांगितलं तर ती रडते, म्हणून नाही सांगत."

आईने सुरी खाली ठेवली. कागद उचलला, लांब धरून वाचायचा प्रयत्न केला, परत ठेवला. मग तिने लोण्याच्या भांड्यावर झाकण घातलं.

"रक्तातून उतरतो म्हणालीस."

"हो."

"मग थोरलीला?"

चार तास जुळवलेलं सगळं तिथेच विसकटलं. धाकटीला थोरलीची काच दिसत होती आणि आई तिच्या डोळ्यांत बघत होती.

"हो आई. तिलाही हेच होतं. मी बघून आले."

आई खुर्चीवर बसली. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव विचारावा तसा. "मी तिला दिवसातून पाच वेळा भरवत होते. नको म्हणायची. तोंड फिरवायची. मी गाल धरून घालायचे."

"शेवटच्या वर्षी त्याने काही फरक पडत नव्हता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. गाठ आधीच झाली होती. सात डॉक्टरांना कळलं नाही, आई, तुला कुठून कळणार?"

"आणि त्याच्या आधीची पाच वर्षं?"

धाकटीने टेबलावरचा कागद उलटा केला.

आई एकदम उठली आणि चिंगीच्या ताटलीतला पाव तिने हिसकावून घेतला. चिंगी दचकली. आई तो फेकणार तोच धाकटीने तिचं मनगट धरलं.

"नको, आई. शुक्रवारपर्यंत तिला खावा लागेल. बंद केला तर रक्तात दिसणार नाही. माझंही तेच झालं होतं. चार दिवस फक्त."

"तू मला सांगतेस हिला द्यायला?"

"मी देते. तू आत जा."

"सोड हात," आई म्हणाली. धाकटीने सोडला. आईने पाव ताटलीत ठेवला, चिंगीच्या पुढ्यात सरकवला आणि म्हणाली, "खा बाळा." मग ती मोरीत गेली. नळ पूर्ण सोडल्याचा आवाज आला आणि त्या आवाजाखाली दुसरा, तोंडावर पदर दाबून काढलेला. चिंगी रडत रडत पाव चावत होती. धाकटी शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. घास संपेपर्यंत दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

शुक्रवारी आई स्वतःहून बसमध्ये बसली. चिंगीचं रक्त काढताना तिने दार अडवलं नाही. निकाल आला तो धाकटीसारखाच, पण दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा आतडं अजून पूर्ण झिजलेलं नव्हतं. "वेळेवर आणलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिची उंचीही वाढेल." त्या आईकडे वळल्या. "आता तुमचं रक्त. तुम्ही गहू खाताय ना?"

"त्या दिवसापासून नाही."

"मग सहा आठवडे—"

"नाही," आई म्हणाली. "त्याने माझी पोर नेली. मी तोंडात घालणार नाही."

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं आणि खोडलं.

वर्ष गेलं. चिंगी चार बोटं वाढली आणि तिच्या शाळेच्या कपड्यांची शिवण दोनदा उसवून सोडावी लागली. धाकटीचं वजन परत आलं, रोलर मात्र परत मिळाला नाही. जोडीदारीण वाटेत भेटली की बोलते, पण बोटांच्या डागांवर हात ठेवून. कारखान्यातल्या दोघी-तिघींनी तिच्याकडे येऊन हळूच पोटाच्या तक्रारी सांगितल्या. त्यांना तिने पत्ता दिला आणि बजावलं, डॉक्टरीणबाईंना भेटण्याआधी खाणं काही बंद करू नका.

आईने स्वयंपाक सोडला. भांडी घासते, केर काढते, चिंगीचे केस विंचरते, पण चुलीपाशी जात नाही आणि कोणाला वाढत नाही. सकाळी कामावर जाण्याआधी धाकटीच भात टाकते, भाजी करते. मध्यंतरी एका रविवारी तिघी जेवायला बसल्या होत्या. चिंगीला आता भूक लागायला लागली होती, पोर अक्षरशः ताट पुसून खायची. भाताचं भांडं आईच्या हाताशी होतं. चिंगीने ताटली पुढे केली.

"आजी, अजून थोडा."

आईने भांड्याकडे पाहिलं. तिचा हात अर्ध्यापर्यंत गेला आणि मांडीवर परत आला.

"मावशीला सांग," ती म्हणाली, आणि आपलं ताट उचलून मोरीकडे गेली.